शेंगेच्या पाठीवरचा क्रेट

आमच्या घरी पाहुणा आला की आई आधी दुधाचा एक क्रेट उपडा करायची, त्यावर घडी घातलेली चादर टाकायची आणि मग पाण्याचा तांब्या आणायला आत जायची. खुर्च्या घरात दोनच, त्यातली एक बाबांची. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढच्या गॅलरीत आईचं दूध केंद्र. पहाटे चारला टेम्पो यायचा आणि भरलेले क्रेट फरशीवरून सरकवले जायचे. तो खर्रर्र आवाज झाला की मी कूस बदलायची, आईचे पाय सपासप गॅलरीकडे जायचे, आणि थोड्या वेळाने दाराशी पहिली हाक यायची, 'ताई, दोन पिशव्या.' कोपरा फुटलेला, दांडी तुटलेला एखादा क्रेट टेम्पोवाला परत न्यायचा नाही. 'राहू दे ताई, ह्याच्यात पिशव्या फाटतात,' म्हणून सोडून जायचा. असे सोडलेले क्रेट आमच्याकडे साठत गेले. एकात कांदे-बटाटे, एकात चपला, एक मोरीत बसायला, आणि दोन एकावर एक आडवे ठेवून माझं पुस्तकांचं कपाट. मी तेव्हा बारावीला होते आणि त्या निळ्या कपाटाचा मला भारी अभिमान होता. त्याच्या जाळीतून हवा खेळायची, पुस्तकांना वास लागायचा नाही, आणि वर टेबललॅम्प ठेवता यायचा.

आईचा स्वभाव काळजीचा. साधा नाही, पट्टीचा. टेम्पो पाच मिनिटं उशिरा आला की तिने मनातल्या मनात तो उलटवलेला असायचा. दूध तापायला ठेवलं की ती हलायची नाही, आणि तिथे उभी राहून दुसऱ्या दहा गोष्टींची काळजी करून घ्यायची. मी तिला चिडवायची, 'आई, तुझा खरा धंदा काळजीचा, दुधाचं केंद्र जोडधंदा.' आता मी पन्नाशीच्या पुढे गेले, आणि मुलाने फोन उचलला नाही की मीही दर मिनिटाला तो लावत बसते. तिला चिडवल्याचं सगळं फेडते आहे, असं म्हणायचं.

बाबा मात्र निवांत गृहस्थ. ते देवगडच्या बाजूचे, समुद्राला लागून घर असलेले. मुंबईत एका कंपनीत कारकुनी करायचे. सहा दिवस ते शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून मान खाली घालून जगायचे आणि रविवारी माणसात यायचे. रविवारी ते कळंबला मासे धरायला जायचे. सुरुवातीला किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकायचे. मग एका वर्षी कळंबच्या एका कॉटेजवाल्याने पाहुण्यांच्या मौजेसाठी आणलेली एक लांबट, निमुळती, फायबरची, एका माणसापुरती होडी टाकून द्यायला काढली, कारण पाहुणे तिच्यात बसायच्या आधीच उलटायचे. बाबांनी ती मागून घेतली. मध्ये बसायला एक खळगा, हातात दोन तोंडांचं वल्हं, आणि पाठीमागे आणखी एक रिकामा चौकोनी खळगा. तिला कायाक म्हणतात हे मला फार पुढे कळलं. बाबा तिला शेंग म्हणायचे, आणि कळंबला सगळे तेच म्हणू लागले. होडी ठेवायची दामूकाकांच्या अंगणात, सुकत घातलेल्या जाळ्यांशेजारी. दामूकाका तिथले जुने मच्छीमार, स्वतःची इंजिनची बोट असलेले. शेंगेकडे बघून ते पहिल्यांदा पोट धरून हसले होते. 'भाऊ, ह्याच्यात तुम्ही बसनार की ही तुमच्यावर बसनार?'

शेंगेत अडचण एकच, काही ठेवायला जागा नाही. गळाच्या काठ्या, दोऱ्या, आमिषाचा डबा, पाण्याची बाटली सगळं मांडीवर, आणि जरा कललं की अर्धं पाण्यात. तीन रविवार बाबा काही ना काही बुडवून आले. चौथ्या रविवारी त्यांची नजर दुधाच्या क्रेटवर पडली आणि तो शेंगेच्या मागच्या खळग्यात असा बसला की जणू मापं घेऊन केला होता. मग बाबांचे हात चालू लागले. प्लंबरकडून आणलेले पाइपचे चार तुकडे त्यांनी क्रेटच्या कोपऱ्यांना तारेने उभे बांधले, त्यात काठ्या. जुन्या हवाई चपलेचा तळवा आतल्या बाजूला बांधला, त्यात गळ टोचून ठेवायचे, म्हणजे हाताला लागत नाहीत. श्रीखंडाच्या डब्यात आमिषाची कोलंबी, फळकुटाला गुंडाळलेली जाड दोरी, एक सुरी. तळाशी थर्माकोल कोंबलेला, तो दामूकाकांचा सल्ला, 'पडलं तरी बुडाया नको.' आणि सगळा क्रेट सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी शेंगेला आवळलेला. जाळीतून पाणी निथळून जायचं, लाट आली तरी काही साचत नसे. परवा माझ्या भाच्याने मोबाइलवर दाखवलं, परदेशात लोक अगदी हेच करतात, तसेच पाइप, तसाच क्रेट. 'मावशी, काय भारी आयडिया आहे बघ!' मी म्हटलं, 'बघितलीय रे,' आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

त्या क्रेटमध्ये माझीही एक वस्तू असायची. भरती-ओहोटीची वेळ काढायची आपली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. बाबांना ही रीत अर्थातच ठाऊक होती, पण त्यांच्या गावाकडे पाणी थोडं चढायचं आणि थोडं उतरायचं, अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी कुणाचं काही बिघडायचं नाही. इथे वसईच्या बाजूला पाणी आलं की दारात आणि गेलं की नजरेपार. 'आमच्याकडे पाणी असा पळत नाय,' असं ते दामूकाकांना सांगायचे, आणि इथल्या पाण्याला मनातून बिचकायचे. म्हणून शनिवारी संध्याकाळी ते मला हाक मारायचे, 'बाय, तिथी बघ गो.' मी गणितात हुशार. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून तिथी बघायची, तोंडी हिशेब करायचा, चिठ्ठीवर भरतीची वेळ लिहायची, आणि ती चिठ्ठी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत घालून क्रेटमध्ये टाकायची. डबीत पाणी जात नसे. बाबा ती समुद्रात उघडून बघायचे आणि भरती संपायच्या अर्धा तास आधी परत फिरायचे, म्हणजे पाण्याचा शेवटचा रेटा त्यांना घरी आणून सोडायचा.

आता कॅलेंडरचं सांगायला हवं. दूध केंद्राच्या घरात कॅलेंडर म्हणजे देवानंतरची वस्तू. कुणाचा कुठल्या दिवशी खाडा, कुणाला कधी एक पिशवी जास्त, हे आई त्या चौकटींमध्ये बारीक अक्षरात लिहायची. महिना संपला तरी आधीच्या महिन्याचं पान ती लगेच उलटत नसे. गिऱ्हाइकांशी खाड्यांची बोलणी मिटेपर्यंत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या सात-आठ तारखेपर्यंत, जुनं पान वरच राहायचं, कपड्याचा चिमटा लावून. चालू महिना बघायचा तर चिमटा काढून पान वर उचलायचं. आमच्याकडे लहान पोरालाही हे माहीत होतं. मला तर झोपेतही.

तो फेब्रुवारीचा पहिला शनिवार होता. माझ्या प्रॅक्टिकलच्या वह्या अपुऱ्या, डोकं तापलेलं, आणि क्लासहून घरी आले तो काय, माझी पुस्तकं जमिनीवर ढीग करून ठेवलेली. बाबांचा जुना क्रेट उन्हाने तडकला होता, म्हणून त्यांनी माझ्या कपाटातला एक काढून घेतला होता आणि गॅलरीत बसून त्याला पाइप बांधत होते. मी जी भडकले ती भडकलेच. 'घरात अकरा क्रेट आहेत, तुम्हाला माझाच दिसला?' बाबा म्हणाले, 'अगो, ह्याच मापाचा लागतो. बाकीचे उंच आहेत.' 'मग मी कशात ठेवू पुस्तकं? दोन आठवड्यांवर परीक्षा आहे!' 'उद्या दुसरा बघतो ना.' ते हसत होते, त्याने माझा आणखी तिळपापड झाला. तेवढ्यात नेहमीसारखं म्हणाले, 'तेवढी तिथी बघ गो बाय.' मी पाय आपटत आत गेले, पहिल्या रविवारची लाल चौकट बघितली, पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. चिठ्ठीवर 'भरती सव्वा अकरा' खरडलं, डबीत कोंबलं आणि क्रेटमध्ये वरून फेकलं. 'घ्या,' म्हटलं. चिमट्याला मी हात लावला नव्हता. हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

रविवारी बाबा सकाळी सातला सायकलवर क्रेट बांधून गेले. मी तोंड फिरवून झोपले होते. ते दारातून म्हणाले, 'येतो गो,' आणि मी जागी असून उत्तर दिलं नाही. बारा वाजता आईने भात लावला. रविवारी ती वाटण वाटून तयार ठेवायची, ढोमा आला तर कालवण, शिंगाळा आला तर तिखलं, मासा हातात आला की पंधरा मिनिटांत जेवण. साडेबारा झाले. एक झाला. आई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. 'कॉटेजवाल्याशी बोलत बसले असतील,' मी म्हटलं. ती म्हणाली, 'हो, असतील,' आणि वाटणाच्या पाट्यावर झाकण ठेवून पुन्हा काढलं. दीड वाजता तिने भातावरचं झाकणही काढलं, बघितलं आणि ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'किती वाजताची लिहिली होतीस गं?' मी म्हटलं, 'सव्वा अकरा.' ती म्हणाली, 'मग एव्हाना यायला हवे होते.' मी कॅलेंडरकडे मान वळवली, सहजच, खात्री करायला. चिमटा दिसला.

त्यानंतरचे काही क्षण मला सलग आठवत नाहीत. मी पान उचललं एवढं आठवतं. खालच्या पानावर, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. मी जानेवारी वाचला होता. भरती दीड तास आधीच संपली होती, आणि पौर्णिमेच्या जवळची ओहोटी, सगळ्यात जोराची. आईला मी काही सांगितलं नाही. 'मी कळंबला जाऊन येते,' म्हटलं आणि शेजाऱ्यांची सायकल घेतली. ती मागून ओरडली, 'थांब, मी पण!' दुपारच्या टेम्पोची वेळ होत आली होती. आयुष्यात पहिल्यांदा आईने केंद्राला कुलूप लावलं आणि रिक्षा करून माझ्या मागे आली.

कळंबच्या किनाऱ्यावर उभी राहिले तेव्हा समुद्र नव्हताच. नुसती ओली, चकाकणारी वाळू, लांबवर एक पांढरी रेघ, आणि बोटी जिथल्या तिथे कुशीवर कललेल्या. दामूकाकांच्या अंगणात काशीकाकू, त्यांची बायको, बांबूवर बोंबील उलटेपालटे करत होत्या. बाबांची सायकल भिंतीला टेकलेली. शेंग नव्हती. 'सकाळीच गेले बाय,' काकू म्हणाल्या, 'मला वाटलं आले नि तसेच गेले घरी.' मग सायकलीकडे बघून त्यांनी हातातले बोंबील खाली ठेवले. दामूकाका अर्नाळ्याला हळदीला गेले होते. ते घरी असते तर त्यांनी बाबांना सकाळीच अडवलं असतं. त्यांना कॅलेंडर लागत नसे, वाळूवरचा पाण्याचा काठ बघून ते वेळ सांगत. काकूंनी माणूस पाठवला, आणि साडेतीनच्या सुमाराला काका हळदीचे हात तसेच घेऊन आले.

आई त्यांना म्हणाली, 'काका, बोट काढा ना. तुमच्या पाया पडते.' काका आपल्या बोटीकडे बघत राहिले. बोट कोरड्या वाळूवर आडवी होती, तिच्याखाली पोरं खेकडे उकरत होती. 'वयनी, पानी आल्याबिगर बोट कशी काढू? दहा मानसांनी ओढली तरी पोचनार नाय पान्यापर्यंत. सहा वाजतील.' आईने वाळूकडे बघितलं, मग बोटीकडे, मग परत वाळूकडे. तिला ते खरंच वाटेना. एवढ्या सगळ्या बोटी डोळ्यांसमोर, आणि एकही हलत नाही. मग काकांनी कॉटेजवाल्याच्या ऑफिसातून अर्नाळ्याला फोन लावला. तिथे काही बोटी खोल पाण्यात नांगरलेल्या असतात. फोन लागला, तुटला, पुन्हा लागला. कुणीतरी बोट घेऊन निघतो म्हणाला. 'निघाली,' काका येऊन म्हणाले. 'आता थांबायचं.'

थांबायचं म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकले. आई अंगणातल्या बाजेवर बसली नाही, वाळूवर उकिडवी बसली आणि त्या पांढऱ्या रेघेवरून नजर काढेना. काकूंनी चहा दिला तो तिच्या हातातच गार झाला. मी तिच्यापासून चार हात लांब बसले होते, कारण जवळ बसले असते तर बोलून गेले असते. मी हजार सौदे केले देवाशी. परीक्षा नको, मार्क नकोत, पुस्तकं जमिनीवर राहू देत जन्मभर. सकाळी 'येतो गो' म्हणाले तेव्हा मी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी चाललं असतं, हेच पुन्हा पुन्हा मनात यायचं. आणि मधूनच एक फार वाईट विचार यायचा. ते आलेच नाहीत, तर चिठ्ठीचं कुणाला कळणार नाही, असं मला वाटून गेलं. सतरा वर्षांच्या मुलीच्या मनात असं येतं. मी स्वतःला त्याची माफी अजून दिलेली नाही.

पाणी फिरलं. पांढरी रेघ जवळ येऊ लागली, समुद्रावरचा वारा सुटला. पावणेसहाला वाळूवर धावणारी पोरं ओरडली, 'क्रेट! दुधाचा क्रेट आला!' मी धावले. गुडघाभर पाण्यात तो निळा क्रेट कललेला तरंगत होता, माझ्या कपाटाचा. एका बाजूला मी बॉलपेनने लिहिलेलं 'भौतिक' अजून दिसत होतं. काठ्या गेल्या होत्या, दोरी गेली होती, सुरी नव्हती. आमिषाचा डबा होता. काळी डबी होती. आईने तो बघितला आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. तिने क्रेट उचलून छातीशी धरला आणि रस्त्याकडे निघाली, तशा काशीकाकू आडव्या आल्या. 'वयनी, घरी न्यायचा नाय. आमच्यात मानूस आल्याबिगर त्याची वस्तू घरात नेत नाय. इथंच ठेवा.' त्यांनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि भरतीच्या ओल्या रेघेवर ठेवला.

दामूकाका क्रेटशी बसले. त्यांनी ट्यूबच्या पट्ट्या एकेक करून बोटांवर घेतल्या. 'वयनी, रडू नका. ह्ये बघा. पट्टी तुटलेली नाय, सुटलेली नाय. कापलेली हाय. सुरीनं. चारी.' 'म्हंजे भाऊंचे हात चालू होते. वारा सकाळी किनाऱ्यावरून समुद्रात जातो, आनि हा उंच क्रेट मागं शिडासारखा. तो त्यांना ओढत होता, म्हनून त्यांनी कापून टाकला. डोकं ठिकान्यावर होतं.' त्यांच्या त्या बोलण्याने माझ्या छातीत थोडी हवा गेली. मग त्यांनी काळी डबी उघडली. चिठ्ठी कोरडी होती. त्यांनी ती लांब धरून सावकाश वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. 'सव्वा अकरा? आज पानी पावनेदहालाच भरलं. ही चिठ्ठी कोनी लिहिली?'

सगळे बाबांच्या काळजीने जमलेले, वीसेक माणसं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आईने चिठ्ठीकडे बघितलं. माझं अक्षर ती अंधारातही ओळखेल. तिने एकदा, एकदाच माझ्याकडे नजर टाकली आणि दामूकाकांना म्हणाली, 'ह्यांनीच लिहिली असेल. घाईत.' आणि चिठ्ठी त्यांच्या हातातून घेऊन मुठीत चुरगळली. काका मान हलवत म्हणाले, 'गावाकडच्या पान्यावर गेले असतील भाऊ. मी किती वेळा सांगितलं.' माझी आई आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. दुधात पाणी घालणाऱ्यांशी तिने भांडणं केली होती. आणि ती तिथे, नवरा समुद्रात असताना, त्याच्याच माथ्यावर माझी चूक ठेवून मोकळी झाली. मला वाटलं वाळूने मला गिळावं.

दिवेलागणीला कॉटेजवाला ऑफिसातून धावत आला. 'मिळाले! मिळाले! अर्नाळ्याच्या बोटीला मिळाले!' बाबांनी पाण्याशी झुंज दिली नव्हती. शेंग तिरकी वल्हवत त्यांनी समुद्रात रोवलेले जाळ्यांचे खुंट गाठले होते आणि गळाच्या दोरीने स्वतःला आणि शेंगेला एका खुंटाला बांधून दुपारभर तिथेच बसले होते. आई खाली बसली ती उठेचना. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्याने रडल्या त्याच.

तासाभराने एक टेम्पो आला. बाबा उतरले, कुणाची तरी लुंगी आणि स्वेटर घालून, ओठ मिठाने फुटलेले, दोन्ही तळहात वल्ह्याने सोललेले. काकूंनी त्यांना बाजेवर बसवलं, गोधडी गुंडाळली, चहा दिला. ते कप धरू शकत नव्हते, आईने धरला. दामूकाका रागावले होते, सुटका झाली की माणसं रागावतात तसे. 'भाऊ, सव्वा अकरा कुठनं आनलं तुम्ही? लहान पोर पन असं करनार नाय!' बाबा चहा पीत म्हणाले, 'चुकलं खरं, दामू. हिशेब चुकला माझा.' आई काही बोलली नाही. म्हणजे ह्या दोघांनी एकमेकांशी एक शब्द न बोलता मला झाकायचं ठरवलं होतं.

ते मला सोसवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'त्यांचा नाही. माझा. मी जुनं पान वाचलं. चिमटा काढला नाही. मी क्रेटवरून चिडले होते म्हणून बघितलंच नाही नीट.' माझा आवाज इतका चढला होता की अंगणातली कुत्री उठली. दामूकाकांनी मान खाली घातली. मी बाबांकडे बघत होते. मला वाटलं, आता मारतील तर बरं, निदान ओरडतील.

बाबा मात्र माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांच्याच हातून काहीतरी घडलंय आणि ते कबूल करावं की नाही ह्या विचारात आहेत. दमले की ते गावच्या बोलीत बोलायचे. ते म्हणाले, 'तसा नाय गो बाय. पावणेदहाक पाणी फिरलेला माका दिसत होता. गळाची दोरी उलटी ओढ घेऊक लागली. समुद्राकाठी जन्म गेलो माझो, इतक्या समजत नाय काय? पण चिठ्ठी काढून बघितलंय, तर तू लिवलेला सव्वा अकरा. म्हटलंय, बाय कधी चुकणा नाय. माझेच डोळे चुकतत.' आणि ते थोडं हसले. 'म्हणून एक तास तिथेच रवलंय.'

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी पुढे बँकेत लागले, लोक माझ्या आकड्यांवर डोळे मिटून सह्या करत. त्यातलं कुणी कधी कौतुकाने म्हणालं, 'तुम्ही बघितलंय म्हणजे बरोबरच असणार,' की मी कागद त्यांच्या हातातून परत ओढून घ्यायची आणि म्हणायची, 'नाही, तुम्ही स्वतः बघा. माझ्यासमोर बघा.' लोकांना तो माझा तिरसटपणा वाटायचा.